सागवान-शिसवीत वळणं कापायची आहेत? बँडसॉची पट्टी अशी निवडा

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या सलग, दातेरी पट्टीची करवत. मशीनबरोबर आलेल्या पट्टीवरच सगळी कामं उरकायची, असा नव्या माणसाचा हिशेब असतो. ती पट्टी बहुधा अर्धा इंच रुंद असते आणि सरळ फळी चिरायला बरी पडते. तिच्यावर देव्हाऱ्याची महिरप कापायला घेतली की ती रेषा सोडते, सागाची कड काळी पडते आणि फार जोर लावला तर पट्टी चाकावरून उतरते. मग मशीनला नावं ठेवली जातात. पण वळणाचं काम साधणार की फसणार, हे पट्टी चढवण्याआधीच ठरलेलं असतं. ते ठरवायला दोनच मापं लागतात: नकाशावरची सगळ्यात लहान गोलाई आणि लाकडाची जाडी. गोलाईवरून पट्टीची रुंदी निघते आणि जाडीवरून दातांची संख्या. पोलाद, दातांचा आकार, जोड, ताण हे सगळं त्यानंतर.

पायरी १: सगळ्यात लहान गोलाई मोजा

नकाशा किंवा फर्मा समोर ठेवा आणि सगळ्यात लहान वळण शोधा. कंपासने त्याची त्रिज्या काढा. कंपास हाताशी नसेल तर नाणं ठेवून बघा. दहा रुपयांचं नाणं २७ मिमी व्यासाचं आहे, म्हणजे त्रिज्या साडेतेरा मिमी. तुमचं वळण त्या नाण्याच्या कडेला बसत असेल तर दोन सुती पट्टी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तिथून एका दमात वळणार नाही, हे मशीन चालू न करताच कळतं.

पट्टीच्या रुंदीप्रमाणे किमान त्रिज्या साधारण अशी धरतात:

१ सूत (३ मिमी) – ५ मिमी
दीड सूत (५ मिमी) – ८ मिमी
२ सूत (६ मिमी) – १६ मिमी
३ सूत (१० मिमी) – ३७ मिमी
४ सूत (१३ मिमी) – ६४ मिमी
५ सूत (१६ मिमी) – ९५ मिमी
६ सूत (१९ मिमी) – १४० मिमी

हे आकडे कुठून येतात ते एकदा समजून घ्या, म्हणजे यादी पाठ करावी लागणार नाही. पट्टीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात. त्यालाच सेट म्हणतात. सेटमुळे चीर पट्टीच्या अंगापेक्षा रुंद पडते आणि मागच्या भागाला चिरेत हलायला थोडी जागा मिळते. तुम्ही लाकूड वळवता तेव्हा पट्टी त्या जागेत तिरकी होते. पट्टी जितकी रुंद, तितकी तिची मागची कड लवकर चिरेच्या भिंतीला टेकते. टेकली की वळणं थांबलं. त्यापुढे लाकूड रेटलं तर पट्टी पिळली जाते आणि भिंत घासून करपते.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. दातांचा सेट झिजला की चीर अरुंद होते आणि तीच पट्टी पूर्वीइतकी वळत नाही. म्हणून वरचे आकडे नव्या, धारदार पट्टीचे समजा. शिसवी, बाभूळ, खैर अशा कठीण आणि जाड लाकडात मी त्यात चौथ्या हिश्श्याची भर घालतो: १६ मिमीच्या जागी २० मिमी.

आता नवीन माणूस इथे हमखास उलटा निष्कर्ष काढतो: बारीक पट्टी सगळीकडे वळते, तर बारीकच लावून ठेवू. कठीण लाकडात हे महागात पडतं. रुंदी म्हणजे पट्टीचा ताठपणा. दोन सुती पट्टी दोन इंच जाड शिसवीत रेटली की ती मागे वाकते आणि बाजूलाही पोट काढते. वरून बघताना तुम्ही रेषेवर असता, पण खालच्या अंगाला चीर दोन-तीन मिमी सरकलेली असते. म्हणून नियम एवढाच: तुमच्या सगळ्यात लहान गोलाईतून जाणारी जी सगळ्यात रुंद पट्टी, ती घ्या. खुर्चीच्या मागच्या पायाचं वळण मोठं आणि संथ असतं, तिथे चार सुती पट्टी आरामात चालते. तिथे दोन सुती लावण्यात काहीच फायदा नाही.

आणि सगळ्या नकाशात एखादीच जागा फार लहान गोलाईची असेल, तर त्या एका जागेसाठी अख्खं काम बारीक पट्टीवर करू नका. तिथे त्याच मापाचं भोक पाडून घ्या आणि बाकीचं वळण रुंद पट्टीने त्या भोकात आणून सोडा.

पायरी २: जाडीवरून दात ठरवा

दर इंचाला किती दात, याला बाजारात टीपीआय म्हणतात. लाकडाची जाडी इंचात घ्या आणि टीपीआयने गुणा. एका वेळी लाकडात किती दात असतील ते कळेल. लाकडासाठी हा आकडा ६ ते १२ च्या दरम्यान ठेवायचा. तीनच्या खाली गेला तर दात अडकून तुटतात, बाराच्या फार वर गेला तर भुशाला जागा उरत नाही.

खरी मेख या भुशात आहे. प्रत्येक दात कापलेला भुसा पुढच्या खोबणीत, म्हणजे दोन दातांमधल्या खाचेत, घेऊन लाकडाबाहेर पडेपर्यंत वाहतो. दात दाट असले की खोबणी लहान. ती लाकडाच्या मध्यावरच भरते आणि तिथून पुढे दात कापत नाही, नुसता घासतो. घासण्याने उष्णता, उष्णतेने धार जाते, धार गेली की आणखी घासणं. कठीण लाकूड आहे म्हणजे बारीक, दाट दात हवेत, हा समज इथेच चुकतो. जाड आणि कठीण लाकडाला विरळ दात लागतात.

प्रत्यक्षात बघू. देव्हाऱ्याची महिरप साधारण २० मिमी सागात असते, म्हणजे जेमतेम पाऊण इंच. तिथे १० दातांची पट्टी बरी: सात-आठ दात लाकडात राहतात आणि कड स्वच्छ निघते. खुर्चीचा पाय ४५ मिमी जाडीचा असेल तर ४ टीपीआयने सात दात येतात, हे चोख. तीन इंच जाड बाभळीत कमान कापायची असेल तर ३ टीपीआयने नऊ दात होतात. त्याच बाभळीला १० टीपीआय लावली तर तीस दात एकदम लाकडात, आणि काही इंचांतच धूर.

दुकानात एक खबरदारी घ्या. पत्रा आणि पाइप कापायच्या पट्ट्याही याच रुंदीत मिळतात आणि त्यांचे दात १४, १८ असे दाट असतात. दुकानदाराला ‘बँडसॉची दोन सुती पट्टी’ एवढंच सांगितलं तर तीच हातात येऊ शकते. ‘लाकडासाठी’ हा शब्द आणि टीपीआय, दोन्ही सांगा.

पायरी ३: दाताचा आकार

तीन आकार ओळखता आले की पुरे. पहिला साधा, सरळ दात: दात जवळजवळ, तोंड पट्टीला काटकोनात. पातळ लाकूड आणि स्वच्छ कड यांसाठी. दुसरा स्किप: तोंड तसंच सरळ, पण एकाआड एक दात गाळल्यासारखी मोठी जागा. भुसा चांगला निघतो, तेलकट, चिकट लाकडात खोबणी लवकर तुंबत नाही. तिसरा हुक: दाताचं तोंड दहा अंशांच्या आसपास पुढे झुकलेलं, खोबणी खोल. हा लाकडात स्वतःहून शिरतो, म्हणून जाड आणि कठीण लाकडात रेटायला कमी जोर लागतो.

वळणाच्या कामात एक अडचण सरळ चिरण्यात कधी येत नाही. एकाच कापात पट्टी थोडी लाकडाच्या अंगच्या रेषेबरोबर जाते, थोडी तिरकी आणि थोडी त्या रेषेला आडवी. आडव्या भागात हुक दात कड थोडी ओबडधोबड करतो, तर रेषेबरोबरच्या भागात साधा दात संथ चालतो. म्हणून मी जाडीवरून ठरवतो: एक इंचाच्या आत साधा किंवा स्किप, त्यावर हुक. कड शेवटी कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ करायचीच असते, तेव्हा जाड लाकडात थोडी खरखर चालते. करपलेली कड मात्र चालत नाही. तो काळा थर कडक असतो, पेपर नुसता घसरतो आणि पॉलिशखाली डाग दिसतो.

पायरी ४: पोलाद

कार्बन स्टीलची पट्टी स्वस्त, लवचीक आणि वळणाच्या बारीक रुंदीत सहज मिळणारी. पण तिच्या दाताचं पाणी, म्हणजे कडकपणा, साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या पुढे उतरायला लागतं. एकदा करपवलं की ती पट्टी संपली.

बायमेटलच्या पट्टीत पाठ स्प्रिंग स्टीलची असते आणि दातांच्या जागी हायस्पीड स्टीलची तार जोडलेली असते. हायस्पीड स्टील पाचशे अंशांच्या वरही कडकपणा टिकवतं. किंमत जास्त, पण सागावर काम करणाऱ्याला ती परवडते असं माझं ठाम मत आहे. साग हाताला मऊ वाटतो, रंध्याखाली छान सुटतो, त्यामुळे लोक फसतात. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच घटक, आणि ती धार खाते. शिसवी सागापेक्षा जड आणि कठीण असूनही, पट्टीची धार उतरवण्यात साग कमी नाही.

कार्बाइडच्या दातांच्या पट्ट्या प्रामुख्याने अर्धा इंच आणि त्याहून रुंद असतात, जाडही असतात. त्या फळ्या चिरायच्या कामाच्या. वळणासाठी नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पायरी ५: जाडी, लांबी आणि जोड

पट्टीच्या पत्र्याची जाडी चाकाच्या व्यासावर अवलंबून असते. लहान चाकाभोवती जाड पट्टी दर फेऱ्याला दोनदा वाकते आणि सरळ होते, आणि खोबणीच्या तळाशी बारीक तडे जातात. १४ इंची चाकाला ०.५ ते ०.६५ मिमी जाडी योग्य. वखारीतल्या मोठ्या मशीनची ०.९ मिमी किंवा अधिक जाडीची पट्टी ‘मजबूत आहे’ म्हणून कापून आणू नका.

लांबी जुन्या पट्टीवर छापलेली नसेल तर काढता येते. वरचं चाक ताणाच्या स्क्रूने त्याच्या सरकण्याच्या मध्यावर आणा. चाकाचा व्यास गुणिले ३.१४, अधिक दोन्ही चाकांच्या मध्यांमधल्या अंतराची दुप्पट. चाक ३५५ मिमी आणि मध्यांमधलं अंतर ६३० मिमी असेल तर १११५ अधिक १२६०, म्हणजे २३७५ मिमी, साधारण साडेत्र्याण्णव इंच.

जोडाकडे लोक बघतच नाहीत. पट्टीच्या सलग करवतीची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्लंडमध्ये निघाली होती, पण जोड टिकत नसल्याने कित्येक वर्षं ती कामाची ठरली नाही. फ्रान्समध्ये आन पोलँ क्रेपँ या बाईंनी १८४६ मध्ये जोडाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि तिथून हे मशीन खरं चालू झालं. आजही पट्टी बहुधा गुंडाळीतून कापून जोडून देतात, तेव्हा दुकानातच तपासा. पाठीची कड फूटपट्टी लावून सरळ दिसते का? जोडावरून नख फिरवलं तर अडकतं का? जोडाजवळ दोन दात अंगावर आलेत का? जोड जाड राहिला असेल तर तो दर फेऱ्याला गाइडला (पट्टीला बाजूंनी आधार देणाऱ्या ठोकळ्यांना) धडकतो आणि वळण घेताना हाताला धक्का जाणवतो. जोड दिल्यावर तो पुन्हा हलका तापवून मऊ केला नसेल तर ठिसूळ राहतो. पट्टी हाताने मोठ्या गोलाईत वाकवून बघा, जोडाच्या जागी कोन पडता कामा नये, गोलाई सारखी हवी.

पायरी ६: चढवणं आणि लावणं

प्लग काढा. दात टेबलाकडे खाली आणि तुमच्या दिशेला हवेत. ते उलटे दिसत असतील तर पट्टी आतली बाहेर उलटवा. हलका ताण द्या, वरचं चाक हाताने फिरवून पट्टी चाकाच्या मध्यावर स्थिर करा, मग पूर्ण ताण. बारीक पट्टीला मशीनवरच्या खुणेवर विसंबू नका. वरचा गाइड उंच करून टेबलापासून सहा इंचांवर बोटाने बाजूने दाबा. साधारण ५-६ मिमी लवली तर ठीक.

गाइडचं लावणं वळणात फार महत्त्वाचं, कारण तुम्ही पट्टीला सतत बाजूने पिळत असता. बाजूचे गाइड खोबणीच्या जरा मागे, पट्टीपासून कागदाएवढ्या अंतरावर. ते दातांपर्यंत पुढे आले तर पहिल्याच वळणाला दातांचा सेट मोडतो. मागचं बेअरिंग पट्टीपासून किंचित दूर: मोकळं चालताना ते फिरू नये, लाकूड लावलं की फिरावं. एक सुती पट्टीला लोखंडी गाइड नकोच, तिथे वाळलेल्या कठीण लाकडाचे तेलात भिजवलेले ठोकळे लावा. वरचा गाइड लाकडापासून ५-६ मिमी वर, प्रत्येक वेळी. उघडी राहिलेली पट्टी जास्त पिळते आणि बोटांनाही धोका.

एक काम जरूर करा: नव्या पट्टीची पाठ गोल करा. टेबलाखालचा आणि आतला भुसा आधी पूर्ण साफ करायचा, कारण ठिणग्या उडतात. चष्मा लावून मशीन चालू करा आणि धार लावायचा दगड टेबलावर टेकवून पाठीच्या दोन्ही कोपऱ्यांना हलकेच लावा. चौकोनी कोपरे चिरेच्या भिंतीत रुततात, गोल केले की घसरतात. दोन सुती पट्टीवर हा फरक हाताला लगेच कळतो.

पायरी ७: महिरप कापून बघा

२० मिमी सागाची फळी, पाच पाकळ्यांची महिरप, पाकळीची त्रिज्या २० मिमीहून जास्त, खालची बाजू उघडी. दोन सुती, १० टीपीआय.

दोन पाकळ्या जिथे भेटतात तिथे लाकडाचं टोक पुढे आलेलं असतं. त्या टोकाभोवती पट्टी वळवायचा प्रयत्न करू नका, कोणतीच पट्टी तिथे वळत नाही. आधी खालच्या कडेपासून टाकाऊ भागातून प्रत्येक टोकापर्यंत सरळ चीर मारा आणि टोकाच्या एक मिमी अलीकडे थांबा. ही चीर सरळ आणि आखूड असल्याने मशीन चालू ठेवून सावकाश मागे येता येतं. लांब, वळणदार चिरेतून मात्र कधीही मागे येऊ नका. लाकडाबरोबर पट्टी ओढली जाते आणि चाकावरून उतरते. तसं अडकलातच तर मशीन बंद करा, पट्टी थांबू द्या, मग लाकूड काढा.

आता कडेची पाकळी घ्या. रेषेच्या टाकाऊ बाजूला एक मिमी सोडून कापत टोकापर्यंत या. पट्टी आधीच्या चिरेत पोचली की तुकडा सुटून पडतो. मोकळ्या झालेल्या जागेतून पट्टी पुढच्या पाकळीच्या सुरुवातीला सरळ लावता येते. असं एकेक करत मध्यापर्यंत, मग दुसऱ्या बाजूने. फळी मशीनच्या खांबाला आपटणार नाही ना, हे मशीन बंद असताना एकदा फिरवून बघून ठेवा.

हात कसा चालवायचा? उजवा रेटतो, डावा वळवतो, आणि दोन्ही पट्टीच्या समोरच्या रेषेत कधीच नाहीत. लाकूड पुढे जात असतानाच वळवा. जागच्या जागी फिरवलं की पट्टी पिळते. पाकळीच्या माथ्याशी पट्टी लाकडाच्या रेषेबरोबर चालते, दोन्ही अंगांना ती त्या रेषेला आडवी जाते. हा बदल आवाजातून कळतो. आवाज जड झाला की वेग कमी करा, जोर वाढवू नका.

हातमोजे घालू नका, सैल बाह्या नकोत. मास्क मात्र हवाच: लाकडाच्या भुशाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक म्हणून नोंदवलेली आहे, आणि शिसवीच्या धुळीने अनेकांच्या कातडीला खाज सुटते.

पट्टी काय सांगते ते ओळखा

डावं वळण सहज जातं आणि उजवं अडखळतं: एका बाजूच्या दातांची धार किंवा सेट गेला आहे, बहुधा गाइडला किंवा खिळ्याला लागून. सरळ चिरण्यात हे लाकूड तिरकं धरून भागवता येतं, वळणात नाही. पट्टी बदला.

कापलेल्या कडेला गुण्या लावला तर मध्ये पोट दिसतं: ताण कमी, किंवा जाडीच्या मानाने पट्टी बारीक, किंवा दात दाट. याच क्रमाने तपासा.

भुशाऐवजी पीठ पडतंय आणि वास येतोय: धार गेली किंवा खोबण्या तुंबल्या. प्लग काढून खोबण्या रॉकेलच्या बोळ्याने पुसा, सागाचा चिकटा निघून जातो. पट्टी कोरडी पुसून मगच मशीन लावा. पुसल्यावरही पीठच पडलं तर धार गेली.

दर फेऱ्याला टक्-टक् असा आवाज: ताबडतोब बंद. जोड तरी उघडतोय किंवा खोबणीत तडा गेलाय. ‘एवढा तुकडा उरकून घेतो’ म्हणू नका.

काम संपलं की ताण सैल करा आणि मशीनवर चिठ्ठी लावा, नाहीतर सकाळी दुसरा कुणीतरी सैल पट्टीवरच चालू करेल.

पहिल्या खरेदीत काय घ्यावं, असं विचाराल तर १४ इंची मशीनसाठी तीन पट्ट्या: तीन सुती ४ टीपीआय हुक बायमेटल, ही रोजची, जाड सागातल्या बहुतेक वळणांना पुरते, दोन सुती १० टीपीआय साध्या दाताची कार्बन स्टीलची, पातळ फळीतल्या नक्षीदार कामाला, आणि चार सुती ३ किंवा ४ टीपीआय हुक, खुर्च्या आणि मोठ्या कमानींना. एक सुती पट्टी तिच्याशिवाय न होणारं काम हातात आल्यावरच घ्या. आणि घ्याल तेव्हा दोन घ्या, कारण कठीण लाकडात तिचं आयुष्य थोडंच असतं आणि ती काम अर्ध्यावर असताना तुटते.